ब-खंडातला बोंबील

मला आमच्या शाळेतले सगळे जमायचे. हेडसर जमायचे, त्यांची ती घशातली खरखर आणि प्रत्येक वाक्याआधीचं 'ॲक्च्युअली' धरून. शिपाई जमायचा. पीटीच्या सरांची शिट्टी तर मी शिट्टीशिवाय वाजवायचो. डहाणू रोड स्टेशनवरची अनाउन्समेंट मी एकदा इतकी झकास केली की बाकावरच्या एक काकू पिशवी उचलून दोन नंबर प्लॅटफॉर्मकडे चालू पडल्या. माझे वडील तिथेच पार्सल ऑफिसात कारकून होते. घरी आल्यावर त्यांनी मला एक नंबर, दोन नंबर, सगळे नंबर दाखवले.

जमला नाही तो एकच माणूस. आमचे भूगोलाचे सर. नक्कल करायची तर समोरच्याने बोलायला तरी पाहिजे. हे थोडंसं बोलायचे आणि मग थांबायचे. समोरचा उत्तर देईपर्यंत थांबायचे. मी एकदा मधल्या सुट्टीत त्यांचं ते थांबणं करून दाखवलं, तर सगळ्यांना वाटलं मी पुढचं विसरलो.

दिसायला म्हणाल तर उंच, खांद्यातून थोडे पुढे आलेले, शर्टाच्या खिशावर कायम भाताच्या खळीचा पांढरा डाग. ती खळ कशाला ते सांगतो पुढे. तपकीर ओढायचे. इतकी वर्षं ओढत होते की नाकाने केव्हाच राजीनामा दिला होता. वर्गात कोणाचा डबा उघडला तरी त्यांना कळायचं नाही, आणि आम्ही त्याचा पुरेपूर फायदा घ्यायचो. मूळचे घाटावरचे. मसोलीला एका शिंप्याच्या घरात वरची खोली भाड्याने घेऊन एकटे राहायचे. सायकल होती, पण तिच्यावर बसण्यापेक्षा तिला हाताने धरून चालायचेच जास्त. विचारलं तर म्हणायचे, बसलो की रस्त्यातलं विचारायचं राहून जातं.

आणि विचारायचे पण काय. एसटीचा कंडक्टर म्हणाला तलासरी अर्ध्या तासात येईल, तर हे विचारणार, तुम्ही घड्याळ लावून पाहिलंय का. सागरनाक्यावरचा टपरीवाला म्हणाला आज भरती मोठी आहे, तर हे चहा तसाच ठेवून बघायला जाणार आणि परत येऊन त्याला सांगणार, कालच्यापेक्षा चार पावलं कमी आहे. टपरीवाला शेवटी शेवटी सरांना बघितलं की नुसता ग्लास पुढे करायचा, तोंड उघडायचाच नाही.

मी आठवीत त्यांच्या हाताखाली आलो. सत्याऐंशीचा जून. दर वर्षी आठवीच्या पहिल्या तासाला सर पुस्तक उघडायचे नाहीत. आधी ओळख. नाव, गाव, आणि अशी एक गोष्ट जी तुला माहीत आहे पण वर्गात दुसऱ्या कोणालाच माहीत नाही. भाषा कुठलीही चालेल म्हणाले, आई ज्या भाषेत ओरडते त्या भाषेत सांगा. आमच्या वर्गात मांगेली होती, वारली होती, गुजराती होती, रेल्वे क्वार्टर्समधली हिंदी होती. त्या दिवशी सगळ्यांच्या आया वर्गात येऊन गेल्यासारखं झालं.

सुरुवात स्वतःपासून करायचे. दर वर्षी वेगळी ओळख, असं वरच्या वर्गातली मुलं सांगायची. आमच्या वर्षी म्हणाले, मला पोहता येत नाही, आणि मी समुद्रापासून चार मिनिटांवर राहतो. एवढंच बोलून बसले. कोणी हसलं नाही. आम्हाला कळेचना की हसायचं असतं का.

वेवजीचा एक मुलगा मामाकडे राहून शिकायचा. तो उठला आणि म्हणाला, आमचं घर महाराष्ट्रात आहे पण आमच्या कोंबड्या अंडी घालायला गुजरातेत जातात. सर इतके खूश झाले की त्यांनी त्याला फळ्यावर दोन राज्यांची हद्द काढायला लावली आणि कोंबड्यांचा रस्ता लाल खडूने. चिंचणीहून एसटीने येणारी नयना नावाची मुलगी होती. तिच्या घरची होडी, आई सुकी मासळी विकायची. ती म्हणाली, डोळे मिटून नुसता हात लावला तरी मी सांगेन बोंबील एका उन्हाचा आहे की दोन.

मग माझी पाळी. मी उभा राहिलो आणि हेडसरांच्या आवाजात सुरू झालो. ॲक्च्युअली मी या शाळेचा एक सामान्य सेवक आहे, वगैरे. वर्ग बाकांवर लोळायला लागला. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "हे हेडसरांचं झालं. आता तुझं."

आणि थांबले.

मी खूप शोधलं हो. काहीच सापडेना. मला जे काय माहीत होतं ते सगळं दुसऱ्यांचं. सरांनी बराच वेळ वाट पाहिली, मग रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे पेन्सिलीने लिहिलं, 'बाकी'. म्हणाले, घाई नाही, मार्चपर्यंत वर्ष आहे.

आता त्या खळीचं. शाळेच्या ग्रंथालयाचा चार्ज सरांकडे होता. ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची एक खोली, एक लांब टेबल आणि काचेच्या दाराचं एक कपाट. त्या कपाटात ज्ञानकोशाचे सोळा जाडजूड खंड. आमच्या शाळेच्या कमिटीचे चेअरमन, ज्यांना अख्खं गाव शेठ म्हणायचं, चिकूच्या मोठ्या वाडीचे मालक, त्यांनी ते आपल्या आईच्या स्मरणार्थ दिले होते. प्रत्येक खंडाच्या पहिल्या पानावर आईच्या नावाचा शिक्का. दुसऱ्या शाळेत असते तर ते खंड कपाटातच म्हातारे झाले असते. आमच्या सरांनी ते आमच्या हातात दिले.

ओळख झाली की परीक्षण. जे तुला माहीत आहे त्याच्या जवळचं पान काढायचं, वर्गासमोर मोठ्याने वाचायचं आणि सांगायचं, हे कोणी पाहून लिहिलंय की ऐकून, आणि काय लिहायचं राहिलंय. जे राहिलं ते वहीच्या कागदाच्या छोट्या चिठ्ठीवर लिहायचं, खाली पाहणाऱ्याचं नाव टाकायचं, आणि ती त्या पानाच्या कडेला खळीने चिकटवायची. छापलेल्या अक्षरावर खळ जाता कामा नये, एवढी एकच सक्त ताकीद. खळ सर घरून करून आणायचे, शाईच्या रिकाम्या बाटलीत. वर्षानुवर्षं आठवीच्या मुलांनी चिठ्ठ्या लावून लावून ते खंड असे फुगले होते की कपाटाचं दार गुडघा लावून बंद करायला लागायचं.

परवा आमच्याकडे नवीन निघालेल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मास्तरने मला एक चकचकीत सीडी दाखवली. म्हणाला, अख्खा कोश यात मावतो. मी विचारलं, चिठ्ठी कुठे लावायची. त्याने मला फी परत मागायला आलेला माणूस समजून चहा पाजला.

तर दिवाळीनंतर नयनाची परीक्षणाची पाळी आली. तिने ब-खंड काढला आणि 'बोंबील' वाचायला घेतलं. मासा कुठे सापडतो, अंगात पाणी किती, सगळं ठीक चाललं होतं. मग वाक्य आलं की किनाऱ्यावरचे लोक बोंबलाच्या शेपटीला दोरा बांधून तो उलटा टांगून वाळवतात. नयनाने वाचायचं थांबवलं आणि खंडाकडे असं बघितलं, जसं बाजारात कोणी शिळा पापलेट ताजा म्हणून पुढे केल्यावर तिची आई बघत असणार. म्हणाली, सर, एका दिवसाची पाटी वाळत घालायची तर एवढ्या शेपट्यांना गाठी मारता मारता आमच्या आईचं म्हातारपण येईल. दोराबिरा काही नसतो. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी बांबूवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला.

सरांनी नेहमीचं विचारलं, कोणी पाहिलं. नयना म्हणाली, मी रोज पाहते. सर म्हणाले, मी नाही पाहिलं. म्हणजे आता निघणं आलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, एका रविवारी, सर, नयना, मी आणि अजून दोघंतिघं असे चिंचणीच्या किनाऱ्यावर. बांबूंचे आडवे दांडे लांबवर उभारलेले आणि त्यांवर बोंबलांच्या जोड्या वाऱ्यावर हलतायत. नयनाची आई पाटी समोर घेऊन बसली होती. तिचे हात असे चालले होते की नजर मागे राहायची. सरांनी उन्हासाठी आणलेली छत्री बाजूला ठेवली, वाळूत बसले आणि तिला सांगितलं की पुस्तकात शेपटीला दोरा बांधतात असं लिहिलंय.

तिने काम न थांबवता विचारलं, "मास्तर, ती काय चड्डी हाय का टांगायला?"

मग तिने आम्हाला शिकवलं. बोंबलाचा जबडा मोठा आणि दात आतल्या बाजूला वळलेले, गळासारखे. एकदा एकमेकांत बसले की सुटत नाहीत. सरांना पाचव्या खेपेला जमलं. मला जमेपर्यंत दोन बोटांतून रक्त आलं, आणि नयना म्हणाली, बोंबलाने तुझी नक्कल केली बघ, तूही असाच चावतोस. निघताना तिच्या आईने मला कागदात एक जोडी बांधून दिली, घरी भाजून खा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नयनाने चिठ्ठी लिहिली. सर मला म्हणाले, तुला ते हाताने जमलंय, तर चिठ्ठीशेजारी पुरावा तू लाव, जबड्यांचं चित्र काढून. आणि कपाटाची किल्ली माझ्या हातात देऊन स्टाफरूममध्ये गेले. किल्ली ते सहसा कोणाला देत नसत.

आता माझी चित्रकला अशी की मी हत्ती काढला तर खाली 'हत्ती' लिहावं लागायचं. तीन कागद फाडले. एकदा टॉर्च झाली, एकदा चप्पल. दप्तरात ती जोडी तशीच होती, कारण आमच्या घरी संकष्टी होती म्हणून आईने भाजू दिली नव्हती. मला आठवलं, आपण पिंपळाचं पान पुस्तकात ठेवतो आणि ते कसं छान चपटं राहतं. आणि चित्रापेक्षा वस्तू केव्हाही चांगला पुरावा. मी जोडी पानावर नीट ठेवली, जबड्यात जबडा दिसेल अशी, वर वहीचं कव्हर घातलं, ब-खंड मिटला, गुडघा लावून कपाट बंद केलं आणि किल्ली सरांना नेऊन दिली. सरांनी झालं का विचारलं. मी म्हणालो, झालं.

ती जोडी एका उन्हाची, म्हणजे अर्धवटच वाळलेली होती, हे मला माहीत नव्हतं. नयनाला हात लावून कळलं असतं.

त्यानंतर स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या आणि ग्रंथालय पंधरा दिवस बंद. जिन्याखालून वास यायला लागला. शिपायाने आधी गटार धुतलं, मग मेलेला उंदीर शोधला, मग पाचवीतल्या एका बिचाऱ्या मुलाला घरी आंघोळीला पाठवलं. दोन मांजरं खोलीच्या दाराशी मुक्कामाला आली. सरांच्या नाकाचं मी सांगितलंच आहे. ते मांजरांना ओलांडून जायचे आणि म्हणायचे, यांना वाचायची आवड दिसते.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. शेठ आले होते, बरोबर वलसाडहून आलेले त्यांचे मेहुणे. शेठ म्हणजे पांढरा सदरा, पांढरी टोपी, हळू आवाज. कांदा-लसूणही न खाणारं घर. मेहुण्यांना बाच्या, म्हणजे आईच्या, नावाची पुस्तकं दाखवतो म्हणून ते हेडसरांना घेऊन जिन्याखाली आले. आम्ही दोनचार जण लिमलेटच्या गोळ्या चघळत मागे. सरांनी कपाट उघडलं.

पुढचं मी आजही कोणाच्या आवाजात सांगत नाही. मेहुण्यांनी बरोबर ब-खंडच ओढला, कारण तो सगळ्यात फुगलेला. टेबलावर ठेवला, आणि खंड आपोआप तिथेच उघडला. बोंबील पानाला चिकटले होते, तेल पलीकडच्या वीस पानांत उतरलं होतं, आणि मुंग्यांची रांग चालली होती. मेहुणे उपरणं नाकाला लावून बाहेर गेले. शेठनी ते पान बघितलं. मग पानं उलटत उलटत मागे पहिल्या पानावर आले, जिथे त्यांच्या आईचं नाव होतं. त्यावरही एक मुंगी होती. ती त्यांनी बोटाने हळूच बाजूला केली.

हेडसरांनी ॲक्च्युअलीसुद्धा न लावता विचारलं, हे कोणी केलं. मी सरांच्या मागे चार फुटांवर उभा होतो. तोंडात गोळी होती.

सर म्हणाले, "कपाट माझ्या ताब्यात आहे. जबाबदारी माझी."

शेठनी हात पुढे केला. सरांनी किल्ली दिली. शेठनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली आणि गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दोन दिवसांत शाळेत सगळ्यांना कळलं की शनिवारी कमिटीची मीटिंग आहे, ग्रंथालय ऑफिसच्या क्लार्ककडे जाणार, आणि सगळ्या खंडांतल्या सगळ्या चिठ्ठ्या ओल्या फडक्याने काढून टाकणार. कोंबड्यांच्या रस्त्याची पण.

सर नेहमीसारखे आले. तासाला परीक्षण होतंच, फक्त खंड नव्हता. आठवेल तेवढं पान सर तोंडाने सांगायचे आणि आम्ही चिठ्ठ्या लिहायचो. त्या ते खिशात ठेवायचे. शर्टाच्या डागामागे तो खिसा रोज थोडा जाड होत होता. मधल्या सुट्टीत जिन्याखाली जाऊन कपाटाच्या काचेतून खंडांच्या पाठी बघत उभे राहायचे, जसं हॉस्पिटलात बाहेरून बघतात. मला त्यांनी एकदाही विचारलं नाही. सगळ्या गावाला विचारणारा माणूस, आणि मला नाही.

नयनाने मात्र एसटी स्टँडवर गाठलं. म्हणाली, "आईने बोंबील तुला दिलेले. कोशाला नव्हते दिले." आणि गाडीत जाऊन खिडकीशी बसली, माझ्याकडे पाठ करून.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी शेठच्या वाडीत गेलो. रस्ताभर तयारी केली. आधी वडिलांच्या आवाजात करून बघितलं, साहेब मुलाची चूक झाली. ते रडकं वाटलं. मग हेडसरांच्या. ते खोटं वाटलं. वाडीत चिकूच्या पेट्या भरायचं काम चाललं होतं, खाली सुकं गवत, वर चिकू, त्यावर परत गवत. याच पेट्या संध्याकाळी वडिलांच्या पार्सल ऑफिसात यायच्या, म्हणजे वडिलांचंही सगळं शेठशीच. ते आठवलं आणि पाय मागे यायला लागले. तेवढ्यात ओटीवरच्या हिंडोळ्यावरून शेठनी विचारलं, "कोण रे तू? कुणाचा?"

मी तोंड उघडलं तर एकाचाही आवाज आला नाही. नुसता एक बारीक, फाटका आवाज आला, तो बहुतेक माझाच असावा. मी नाव सांगितलं. आठवी ब. राहायला रेल्वे क्वार्टर्समध्ये, वडील पार्सलला. आणि म्हणालो, ते बोंबील मी ठेवले होते. सरांनी चित्र काढायला सांगितलेलं. मला चित्र येत नाही. सरांना माहीतसुद्धा नव्हतं, त्यांना वास येत नाही.

शेठचा हिंडोळा थांबला. म्हणाले, "ठेवला कशाला पण?"

मी म्हणालो, पुस्तकात चूक लिहिलंय.

"छापलेला चूक असते?"

हो, म्हणालो. आणि मी कसं अडकवतात ते दाखवायला लागलो, दोन्ही हातांची बोटं वाकवून एकमेकांत घालून, बोटांवरच्या खपल्यांसकट. शेठनी डोळे मिटले आणि हात वर केला, बस बस. मी थांबलो. मग म्हणाले, ते बाकीचे सगळे कागद कसले चिकटवले आहेत. मी सांगितलं, ते मुलांचे. ज्याला जे माहीत होतं ते. वेवजीच्या कोंबड्यांचंसुद्धा सांगितलं. शेठ पेट्यांकडे बघायला लागले.

"बाला वाचता येत नव्हता," म्हणाले. गड्याला सांगून माझ्या दप्तरात सहा चिकू भरले आणि मला जायला सांगितलं. किल्लीचं एक अक्षर नाही. मला वाटलं, मी सगळं आणखी बिघडवून आलो.

शुक्रवारी पहिल्या तासाआधी सरांना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, शेठना काय काय म्हणालास. मी शब्दन् शब्द म्हणून दाखवला.

"कोणाच्या आवाजात?"

"माझ्याच. दुसरा निघालाच नाही."

सरांनी रजिस्टर काढलं, खोडरबर काढला, माझ्या नावापुढचं 'बाकी' खोडलं, वर फुंकर मारली आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली. बस. शाबासकी नाही, ओरडा नाही. त्या हजेरीला मी 'हजर' इतक्या जोरात म्हणालो की नयनाने मागे वळून बघितलं. माझ्याकडे तोंड करून, म्हणजे बऱ्यापैकी माफीच.

शनिवार आला. मीटिंग अकराला होती. आमचा तास दहाचा. सर म्हणाले, खोली तरी अजून आपल्याकडे आहे, तिथे बसू. आम्ही सगळे जिन्याखाली दाटीवाटीने बसलो होतो, कपाट बंद, आणि टेबलावर खळीची बाटली उगाचच. तेवढ्यात दारात शेठ. एकटे. मागून हेडसर धावत, रुमालाने मान पुसत. आम्ही उठलो. हेडसरांनी खुर्ची पुढे केली, पण सर म्हणाले, "शेठ, ग्रंथालयात नवीन वाचक आला की आधी ओळख सांगतो."

हेडसरांनी भिंतीला हात टेकला. शेठना सर चेअरमन म्हणून ओळखत होते, गाव ओळखत होतं, स्टेशनवरचे हमालसुद्धा ओळखत होते. मला वाटलं, गेलं आता सगळं. सर आपले थांबले होते.

शेठनी टोपी काढून हातात घेतली. एवढे मोठे झाले होते, पण उभे राहिले आठवीतल्यासारखेच, एका पायावर जोर देऊन.

"मी सातवीपर्यंत शिकला," म्हणाले. "गुजराती निशाळ. मराठी वाचता येते, पण मोठा शब्द आला की थकते. बाच्या नावाने हे सोळा पुस्तक दिले. एक पण उघडला नाय." जरा विचार केला आणि म्हणाले, "मला काय माहीत आहे... मला चिकू माहीत आहे."

मग खिशातून किल्ली काढून कपाट स्वतःच उघडलं आणि परत खिशात ठेवली. सरांनी च-खंड काढला. शेठ म्हणाले, तुम्ही वाचा, मी ऐकते. सर वाचायला लागले. शेठ डोळे मिटून बसले. आम्हाला आता खात्री होती. बोंबलाचं एवढं चुकलंय तर चिकूचं काय सोडलं असेल. वेवजीच्या पोराने चिठ्ठीचा कागद फाडून तयार ठेवला. नयनाने खळीचं झाकण काढलं. मी तर मनातल्या मनात शेठचा 'थांबा' पण करून बघितला.

सरांनी वाचलं की फळ झाडावर पिकत नाही, काढून ठेवावं लागतं. शेठ म्हणाले, बराबर. सरांनी वाचलं की फळ तयार झालं का हे बघायला नखाने साल किंचित खरवडतात, खाली हिरवं दिसलं तर अजून थांबतात. बराबर. की देठातून पांढरा चीक येतो आणि तो कपड्याला लागला तर निघत नाही. शेठनी डोळे न उघडता आपल्या सदऱ्याची बाही पुढे केली. मनगटापाशी दोन जुने तपकिरी डाग होते. असं करत करत पान संपलं. सर खाली बघत राहिले. एवढ्या वर्षांत ज्या पानात काहीच राहिलं नाही असं पान त्यांना मिळालं नसावं.

शेठ म्हणाले, "जेणे लिवला ना, तो माणूस वाडीत फिरला आहे."

आम्ही सगळे हिरमुसलो. वेवजीचा पोरगा कागद परत वहीत सरकवायला लागला. सरांनी तो त्याच्या हातातून घेतला, पेनाने दोन शब्द लिहिले, 'बरोबर आहे', आणि कागद शेठपुढे केला. पाहणाऱ्याचं नाव, म्हणाले. शेठनी टेबलावर वाकून, जीभ दातात धरून, गुजरातीत सही केली. नयनाने खळ लावली, तीही जरा जास्तच, उत्साहात. शेठनी स्वतः ती पानाच्या कडेला लावली, छापलेल्या अक्षरापासून दूर, बोटाने दाबत दाबत.

खिडकीतून खारा वारा येत होता. चिठ्ठीचं टोक सारखं उचलायला लागलं. शेठनी दाबून धरलं, सोडलं, परत उचललं. वजन ठेवायला टेबलावर काही दिसेना. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, किल्ली काढली, चिठ्ठीवर आडवी ठेवली, टोपी घातली आणि मीटिंगसाठी वर निघून गेले.

हेडसर किल्लीकडे बघत उभे. आम्ही सगळे किल्लीकडे बघत उभे. सर तिला हात लावेनात. शेवटी मी उचलायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे," म्हणाले. "खळ ओली आहे."